‘व्हाइट ख्रिसमस’, म्हणजे बर्फातला ख्रिसमस, हे एवढं जुनं गाणं लोकांना अजून का आवडतं? कोणाच्या आवाजात ऐकावं?

कारण ते बर्फात राहणाऱ्यांचं गाणंच नाहीये! न्यू जर्सीतले माझे साडू दर डिसेंबरला ऐकवतात की हे गाणं कळायला बर्फ उपसावा लागतो, तुम्हा एलएवाल्यांना (लॉस एंजेलिसवाल्यांना) काय कळणार. एकदा तर भर पंगतीत म्हणाले, फावडं घ्या आणि बाहेर या, मग फील येईल. गेलो. ड्राइव्हवेवरचा बर्फ ढकलला, मीठ टाकलं, साडू आत कॉफी पीत खिडकीतून सूचना देतायत. फील काही आला नाही, नाक मात्र गळायला लागलं.

आता ऐका. ज्याने हे गाणं लिहिलं त्या अर्व्हिंग बर्लिनने सुरुवातीला एक कडवं लिहिलं होतं, ते गायक बिंग क्रॉसबीच्या गाजलेल्या रेकॉर्डमध्ये नाही म्हणून फारसं कोणाला माहीतच नसतं. त्यातला माणूस बेव्हर्ली हिल्समध्ये बसलाय, ऊन पडलंय, गवत हिरवंगार, संत्र्याची न पामची झाडं डोलतायत, तारीख 24 डिसेंबर, आणि ह्याला ओढ लागलीय उत्तरेकडची. म्हणजे आमचंच एलए की! माझ्या मागच्या अंगणात डिसेंबरात संत्री पिकतात, हाफ पँटवर तोडतो मी, आणि शेजारी पामच्या खोडाला लायटिंगच्या माळा गुंडाळत असतो. मग गाणं कोणाचं झालं?

बर्लिन स्वतः ज्यू, पाच वर्षांचा असताना रशियन साम्राज्यातून न्यूयॉर्कला आलेला, त्यात 1928 च्या ख्रिसमसला त्याचं तान्हं बाळ गेलं. गाण्यात येशूचं नावसुद्धा नाही. 1942 ला रेकॉर्ड आली तेव्हा अमेरिकन पोरं युद्धावर, पॅसिफिकच्या बेटांवर घामाने निथळतायत आणि लष्कराच्या रेडिओकडे फर्माईश ह्याचीच. 1975 च्या एप्रिलमध्ये व्हिएतनाम युद्धाच्या शेवटी अमेरिकनांना सायगॉन शहरातून निघायचा इशारा म्हणून रेडिओवर हेच लावलं होतं. तिथे कुठला आलाय बर्फ?

चाल पेटीवर वाजवून बघा. पहिली ओळ ग, म, परत ग, कोमल ग, ग, म, तीव्र म, प. शेजारच्या सुरांवरून नुसती सरकत जाते, आणि त्या तीव्र मध्यमावर जीव टांगणीला लागतो. साडूंना हे वाजवून दाखवलं तर म्हणे त्यात काय विशेष.

कोणाचं ऐकावं, तर क्रॉसबीचंच. आज बहुतेक ठिकाणी वाजतं ते 1947 चं आहे, 1942 ची मूळ तबकडी कॉप्या काढून काढून झिजली म्हणून परत रेकॉर्ड केलं.

बर्फवाल्यांनी ऐकू नये असं नाही हां. आणि बऱ्याच जणांना ते मॉलमध्ये कानावर पडून पडूनच आवडायला लागतं, तेही खरं. भक्तिगीत हवं असेल तर सरळ ‘सायलेंट नाइट’ लावा. पण कोणी बर्फाचा तोरा मिरवायला लागलं तर गायिका डार्लीन लव्हचं 1963 चं व्हर्जन लावा, त्यात ते एलएचं कडवं मध्येच बोलून दाखवलंय. साडूंना लिंक पाठवलीय, म्हणतात रेकॉर्डिंग जुनं आहे, नीट ऐकू येत नाही.