जादा क्रेडिटसाठी अपील

प्रश्न: मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य आणि सांख्यिकी असे दोन मास्टर्स एकदम करते आहे. सेमिस्टरला 15 क्रेडिटची मर्यादा आहे. मी 18 मागितले, अर्ज नामंजूर झाला. सध्या सुट्टीत घरी आहे. अपिलात काय लिहू?
– एक विद्यार्थिनी, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर: आधी नकाराचं पत्र नीट वाचा. अडलंय कुठे? ग्रेडवर, वेळेवर, की सहीवर? दोन पदव्या म्हणजे दोन विभाग, आणि एकाच सल्लागाराच्या सहीवर गेलेला अर्ज हमखास परत येतो.

वेळेचा हिशेब असा: एक क्रेडिट म्हणजे साधारण 15 आठवडे, दर आठवड्याला वर्गात एक तास आणि बाहेर किमान दोन तास. 15 क्रेडिटचे 45 तास झाले, 18 चे 54. त्यात असिस्टंटशिपचे, म्हणजे प्राध्यापकांच्या हाताखालच्या पगारी अर्धवेळ कामाचे, 20 धरले की 74! समिती हाच आकडा बघते, म्हणून ‘मी खूप मेहनत घेईन’ एवढ्याने भागत नाही. त्या सेमिस्टरपुरतं काम 10 तासांवर येणार असेल, तर प्राध्यापकांचं तसं पत्र जोडा. वडोदऱ्यातल्या पदवीचे गुण इथे फारसे कामी येत नाहीत. मास्टर्सचे ग्रेड बघतात.

जादा विषय आत्ताच का, यावर सगळा भर द्या. ‘लवकर संपवायचंय’ हे कारण लंगडं पडतं. विषय वर्षाआड शिकवला जातो आणि त्याच्याशिवाय पुढचे विषय घेता येत नाहीत, हे भक्कम. उरलेल्या सेमिस्टरचा तक्ता दोन रकान्यांत मांडा: 18 मिळाले तर, न मिळाले तर. दुसऱ्या रकान्यात पदवी नेमकी किती लांबते ते दिसू द्या.

पण अपिलाआधी हे नक्की तपासा, आमच्या मते सर्वांत महत्त्वाचं: एकच विषय दोन्ही पदव्यांत किती क्रेडिटपर्यंत धरतात? तुमच्या जोडीत जैवसांख्यिकीसारखा विषय दोन्हीकडे बसू शकतो. असे तीन क्रेडिट वाचले तर अपील करायचं कारणच राहत नाही.

निकाल येईपर्यंत 15 क्रेडिटची नोंदणी पक्की करा आणि जादा विषयाच्या प्रतीक्षायादीत नाव घाला. विषय बदलण्याची मुदत तुमच्या अपिलासाठी थांबणार नाही. जादा क्रेडिटची फी वेगळी पडते का, तेही विचारून घ्या.

एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसा असेल तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला तक्ता दाखवा. आय-20 वरची, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेल्या प्रमाणपत्रावरची, शेवटची तारीख त्याच्याशी जुळायला हवी. आणि पुढे झेपलं नाही, विषय सोडावे लागले, तरी पूर्णवेळ विद्यार्थ्याच्या किमान क्रेडिटखाली त्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय जाऊ नका. त्याने अमेरिकेतला तुमचा विद्यार्थी-दर्जाच धोक्यात येतो.