वाचकांचे प्रश्न : डबीवरचा सरकारी शिक्का

मागच्या अंकात जुन्या जाहिरातींच्या पानावर बीचमच्या गोळ्यांची जाहिरात छापली होती. तिच्यावरून व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या पेटंट औषधांबद्दल बरीच पत्रं आली. निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : जाहिरातीत किंमत १ शिलिंग दीड पेनी अशी आहे. हे वरचे दीड पेनी कसले? आणि घटक गुप्त असतील, तर औषध 'पेटंट' कसं?

दीड पेनी सरकारचे. १८१२ च्या कायद्यानुसार एक शिलिंगपर्यंतच्या तयार औषधावर दीड पेनी आणि त्यापुढे अडीच शिलिंगपर्यंत तीन पेनी कर होता. त्यामुळे त्या काळच्या कुठल्याही वर्तमानपत्रात १ शिलिंग दीड पेनी आणि २ शिलिंग ९ पेनी या दोन किमती पुन्हा पुन्हा दिसतात.

कर भरल्याची खूण म्हणजे छापील कागदी पट्टी. ती डबीच्या झाकणावरून किंवा बाटलीच्या बुचावरून अशी चिकटवायची की फाडल्याशिवाय माल उघडताच येऊ नये. सरकारला त्यातून फक्त महसूल हवा होता, पण घेणाऱ्याला वाटायचं की औषध सरकारनं तपासलंय. कारखानदारांनी हा गैरसमज मुद्दाम जोपासला. पट्टीवर स्वतःचं नाव छापून घ्यायचं आणि जाहिरातीत बजावायचं, 'सरकारी शिक्क्यावर आमचं नाव नसेल तर माल नकली समजावा.' कर भरून वर त्याचीच जाहिरात! पुढे पट्टीवर 'ही सरकारची हमी नव्हे' अशा अर्थाचा मजकूर आला, पण बारीक अक्षरं वाचतो कोण?

पेटंटचं म्हणाल, तर यातल्या बहुतेक औषधांना पेटंट नव्हतंच. ते घ्यायचं तर कृती जाहीर करावी लागे आणि १४ वर्षांनी हक्क संपे. त्यापेक्षा कृती गुप्त ठेवायची आणि नाव जपायचं, हे फायद्याचं. १८७५ च्या कायद्यानं व्यापारचिन्हाची नोंदणी सुरू झाल्यावर तर नावाला कायद्याचंच संरक्षण मिळालं.

प्रश्न : बीचमच्या गोळीत नेमकं काय होतं? तिनं खरंच काही बरं व्हायचं का?

काळा बोळ, सुंठ आणि साबण. ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं १९०९ साली गुप्त औषधांची पृथक्करणं पुस्तकरूपात छापली. त्यानुसार एका गोळीत काळा बोळ (म्हणजे कोरफडीचा वाळवलेला रस) अर्धा ग्रेन, सुंठ ०.५५ ग्रेन आणि साबणाची पूड ०.१८ ग्रेन होती. ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, तेव्हा बोळ अंदाजे ३२ मिलिग्रॅम. डबीत ५६ गोळ्या, आणि त्यांच्या घटकांचा खर्च अर्धा फार्दिंग. चार फार्दिंगांचा एक पेनी आणि बारा पेनींचा एक शिलिंग होतो. म्हणजे विक्रीची किंमत ५४ फार्दिंग, आणि घटकांचा खर्च तिच्या १०८ व्या हिश्शाइतका. जाहिरातीतलं वाक्य मात्र १८५९ पासून तेच : 'डबीचं मोल एक गिनी.' गिनी म्हणजे २१ शिलिंग.

गोळीनं काम व्हायचं, हे नाकारून चालणार नाही. बोळातली द्रव्यं मोठ्या आतड्याला चेतवतात आणि आठ-बारा तासांत पोट साफ होतं. म्हणून रात्री घेतलेली गोळी सकाळी 'लागू' पडे. नुसत्या बोळानं मुरडा येतो, तो सुंठीनं थोडा कमी होतो. साबणानं गोळी बांधली जाते. इंग्लंडच्या गिरणगावांतले कामगार पाव आणि गोड चहावर दिवस काढत, भाजी क्वचितच. बद्धकोष्ठ घरोघरी. पोट साफ झालं की डोकं हलकं होतं, तोंडाला चव येते. जाहिरात तेवढ्यावर थांबत नसे. चक्कर, वाईट स्वप्नं, धाप, अंगावरचे डाग, सगळं एकाच डबीच्या खात्यावर जमा होई.

बिघाड व्हायचा तो रोजच्या सवयीनं. आतडं गोळीशिवाय हलेनासं होई आणि वारंवार जुलाबांनी शरीरातलं पोटॅशियम घटे. गरोदरपणी तीव्र रेचक आणखी धोक्याचं. तरीही बायकांसाठीच्या कितीतरी गोळ्यांच्या जाहिरातींत 'पाळीतला अडथळा दूर करते' अशी भाषा असे. तिचा दुसरा अर्थ लिहिणारा आणि वाचणारी दोघंही जाणून असत.

प्रश्न : बाळांच्या सिरपमध्ये अफू असे, असं वाचलं. मग इतक्या आया ते का देत होत्या?

बाळ गप्प झोपत होतं म्हणून. इंग्लंडमध्ये 'गॉडफ्रेज कॉर्डियल' खपायचं. अफूचा अर्क, काकवी आणि मसाले. पण ही एकच ठरलेली कृती नव्हती. प्रत्येक औषधविक्या आपापलं मिश्रण करी, त्यामुळे एका दुकानातला चमचा दुसऱ्या दुकानातल्या दीड चमच्याइतका कडक निघू शके. त्यातून बाटली ठेवून दिली की अफूचा अंश तळाशी बसे. बाटली न हलवता ओतलं, तर पहिले काही दिवस औषध कमी लागू होई. आई मात्रा वाढवी, आणि ती वाढवलेली मात्रा शेवटी तळाच्या गाळातून दिली जाई.

अमेरिकेतलं 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' १८४९ चं. त्यात एका द्रव औंसात सुमारे ६५ मिलिग्रॅम मॉर्फीन होतं, म्हणजे पाच मिलिलिटरच्या चमच्यात अंदाजे ११. आज मोठ्या माणसाला तोंडावाटे मॉर्फीन सुरू करताना पाच-दहा मिलिग्रॅम देतात, हे लक्षात घ्या.

काही बाळं श्वास मंदावून गेली. त्याहून जास्त बाळं हळूहळू खंगत गेली असावीत. गुंगीतल्या बाळाला भूक लागत नाही, ते रडत नाही, दूध मागत नाही. मग मृत्यूच्या नोंदीत 'अशक्तपणा' किंवा 'आचके' असं लिहिलं जाई आणि सिरपचं नाव कुठेच येत नसे. इंग्लंडमधल्या १८६८ च्या फार्मसी कायद्यात विषांच्या विक्रीवर बंधनं आली, पण पेटंट औषधं त्यातून वगळली होती. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका तान्ह्यांना अफूची 'बाळागोळी' देत, तिच्यामागची अडचण हीच : कामावर जायचं, आणि मूल सांभाळायला कोणी नाही.

प्रश्न : कायद्याच्या पहिल्या वर्षाला 'कार्लिल विरुद्ध कार्बोलिक स्मोक बॉल' शिकवतात. पण हा बॉल म्हणजे काय, ते वर्गात कोणी सांगत नाही.

रबरी पोकळ चेंडू, आत कार्बोलिक ॲसिड (त्या काळचं जंतुनाशक) मिसळलेली पूड, आणि तोंडाशी बारीक जाळी. चेंडू नाकाजवळ धरून दाबायचा. पुडीचा धुरासारखा लोट निघे, तो हुंगायचा. नाक झोंबून वाहू लागे आणि घेणाऱ्याला वाटे की रोग बाहेर पडतोय. किंमत १० शिलिंग, पुन्हा भरून घ्यायला पाच.

नोव्हेंबर १८९१ च्या 'पॉल मॉल गॅझेट'मधल्या जाहिरातीत म्हटलं होतं, दिवसातून तीनदा याप्रमाणे दोन आठवडे वापरूनही फ्लू झाला तर १०० पौंड देऊ, आणि खात्री म्हणून बँकेत १००० पौंड ठेवले आहेत. लुईझा कार्लिल यांनी २० नोव्हेंबरपासून नियमानं वापरला, १७ जानेवारी १८९२ ला त्यांना फ्लू झाला. कंपनी म्हणाली, ही नुसती जाहिरातबाजी होती. तिला नडले ते तेच बँकेतले १००० पौंड. पैसे ठेवलेत म्हणजे बोलणं गंभीर होतं, असं अपील न्यायालयानं ७ डिसेंबर १८९२ ला ठरवलं. जाहिरात हा प्रस्ताव आणि सांगितल्याप्रमाणे वापर हा त्याचा स्वीकार, म्हणून कंपनीला १०० पौंड द्यावे लागले. (निकालाचा अहवाल १८९३ च्या खंडात आहे, म्हणून उत्तरपत्रिकेत दोन्ही सालं दिसतात.) आपल्या करार कायद्याच्या कलम ८ मध्येही अट पूर्ण करणं म्हणजेच प्रस्ताव स्वीकारणं मानलं आहे.

कंपनीनं मग बक्षीस २०० पौंडांवर नेलं. फक्त आता अटींचा कागद आधी सही करून तिच्याकडे जमा करावा लागे.

प्रश्न : प्रशस्तिपत्रं सगळी बनावट असत का?

नाही, आणि गोम तिथेच आहे. सर्दी, खोकला, डोकेदुखी आपोआप बरी होते, श्रेय मात्र शेवटी घेतलेल्या बाटलीला मिळतं. बरे झालेले पत्र लिहितात, न झालेले गप्प बसतात किंवा गेलेले असतात. अमेरिकेतल्या लिडिया पिंकहॅम यांच्या बायकांसाठीच्या टॉनिकमध्ये काही मुळ्या होत्या, चक्क मेथ्या होत्या, आणि सुमारे १८ टक्के मद्यार्क होता. दारूला न शिवणाऱ्या बायकांनाही चमचाभर घेतल्यावर बरं वाटे, यात नवल नाही. 'मिसेस पिंकहॅमना पत्र लिहा' ही जाहिरात त्या १८८३ साली वारल्यावरही चालूच होती. १९०५ मध्ये 'लेडीज होम जर्नल' मासिकानं ती जाहिरात आणि तिच्या शेजारी त्यांच्या थडग्याचा फोटो छापला.

प्रश्न : एकही औषध खरं नव्हतं?

'पिंक पिल्स फॉर पेल पीपल'मध्ये लोहाचा क्षार होता. तरुण मुलींच्या पांडुरोगावर त्याचा उपयोग होई. लकव्यावर मुळीच नाही, पण जाहिरात लकव्याचीही असे.

प्रश्न : आमच्या वाड्याच्या माळ्यावर 'डॉ. जे. कॉलिस ब्राउन' अशी उठावदार अक्षरं असलेली बाटली सापडली. तळाशी तपकिरी थर आहे. धुऊन शोकेसमध्ये ठेवू का?

आधी धुऊ नका, हुंगू नका. ही क्लोरोडाइनची बाटली. ब्राउन हे लष्करी डॉक्टर, आणि हे औषध त्यांनी १८४८ च्या सुमारास हिंदुस्थानातच कॉलऱ्यासाठी तयार केलं. त्यात अफूचा अंश, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म होता. अफूनं जुलाब थांबत, पण कॉलरा नाही. क्लोरोफॉर्म आणि मद्यार्क बुचातून उडून जातात, मॉर्फीन उडत नाही. तो तपकिरी थर मूळ औषधापेक्षा तीव्र असू शकतो. बाटली पिशवीत बांधून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात विचारा.

काळ ओळखायचा तर काचेचा उभा सांधा पाहा. तो मानेवरच विरत असेल तर तोंड हातानं घडवलेलं आहे, बाटली बहुधा एकोणिसाव्या शतकातली. ओठावरून पलीकडे जात असेल तर यंत्रावरची, म्हणजे विसाव्या शतकातली. क्लोरोफॉर्म आणि भांग काढून टाकलेलं हे मिश्रण इंग्लंडमध्ये पुढेही बराच काळ विकलं जाई.

प्रश्न : या जाहिराती बंद कधी झाल्या?

लवकर नाही. वर्तमानपत्रं त्यांच्याच पैशांवर चालत. १९०९ च्या त्या पृथक्करणाच्या पुस्तकाची जाहिरात घ्यायला अनेक पत्रांनी नकार दिला. ब्रिटिश संसदेच्या समितीनं कडक अहवाल दिला तो ४ ऑगस्ट १९१४ ला, आणि त्याच दिवशी ब्रिटन महायुद्धात उतरलं. लेबलवर घटक छापण्याची सक्ती १९४१ मध्ये आली. सरकारी पट्टीचा करही तेव्हाच गेला.

आपल्याकडे १९५४ चा औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात ५४ विकार दिले आहेत. मधुमेह, लकवा, कर्करोग, उंची वाढवणं, लठ्ठपणा, असे. त्यांवर औषधाची जाहिरात केली तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत. अशी जाहिरात दिसली तर कात्रण किंवा फोटो, तारीख आणि माध्यमाचं नाव यांसह अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करता येते.