एकटा फायटर आणि वीस गॉब्लिन: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक प्रश्नांचा रोख एकच आहे. मोठ्या लेव्हलचा फायटर किरकोळ शत्रूंच्या गर्दीपुढे किती टिकतो? आकडे डन्जन्स अँड ड्रॅगन्स या डाइस टाकून, एकेक पात्र घेऊन खेळायच्या खेळाच्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीचे धरले आहेत. नवख्यांसाठी: फायटर म्हणजे लढवय्या पात्र, गॉब्लिन आणि ऑर्क हे किरकोळ शत्रू, एसी म्हणजे वार लागायला गाठावा लागणारा आकडा, एचपी म्हणजे पात्राचा जीव आणि डीएम म्हणजे खेळ चालवणारा.

दादा, माझा फायटर दहाव्या लेव्हलचा. प्लेट आणि ढाल, एसी 20, एचपी 94. उघड्या माळावर वीस गॉब्लिननी घेरून पाडला की! डीएमनं गडबड केली काय? (खानापूर)

गडबड काही नाही, गणित तसंच येतं. गॉब्लिनला हल्ल्यावर अधिक चार मिळतात, म्हणजे एसी 20 ला लागायला वीस बाजूंच्या डाइसवर 16 किंवा वर पाहिजे. चारातला एक वार लागतो. पण चौकोनांच्या नकाशावर तुझ्याभोवती आठ जण उभे राहतात. दर राउंडला दोन वार, प्रत्येकी सरासरी साडेपाच. नॅचरल 20 चे (डाइसवरच 20 पडला की वाढणारे) जादा धरले तर बारा एचपी गेलेच. तुझे दोन हल्ले, पाऊण वेळा लागणार, म्हणजे राउंडला दीड गॉब्लिन पडतो. पडलेल्याची जागा मागचा घेतो. अ‍ॅक्शन सर्ज (एक जादा कृती) आणि सेकंड विंड (थोडे एचपी परत) दोन्ही वापरलेस तरी पंधरा-सोळा गॉब्लिनपाशी तुझा दम संपतो. आणि तुमचा डीएम फ्लँकिंगचा ऐच्छिक नियम (दोन बाजूंनी घेरलं की दोन डाइस टाकून मोठा आकडा धरायचा) वापरत असेल, तर बाराचे बावीस होतात. तिथं फार तर पाच राउंड.

आता तोच फायटर पाच फुटी बोळात उभा कर. समोर एकच गॉब्लिन येऊ शकतो. वीसच्या वीस मारायला वीसेक राउंड लागतील, पण एचपी जातील तीस-पस्तीस. मागचे धनुष्य काढतील हे खरं. मात्र मध्ये त्यांचाच भाऊबंद उभा असल्यानं त्यांच्यासाठी तुझा एसी 22 होतो. बोळाला वळण असेल तर तोही त्रास नाही.

आपल्या भागातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. 1660 साली घोडखिंडीत बाजीप्रभूंनी मूठभर मावळ्यांनिशी सिद्दीची फौज अडवून धरली. स्वतः पडले, पण महाराज विशाळगडावर पोचले. 1674 मध्ये नेसरीला प्रतापराव गुजर सहा सोबत्यांसह बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले आणि सातही जण कामी आले. शौर्यात तसूभर फरक नव्हता. मोठ्या फौजेला एका वेळी किती हात चालवता येतात, हे जागा ठरवते. कॅरेक्टर शीटवर एचपी लिहिलेले असतात, ही गोष्ट लिहिलेली नसते. म्हणून माळावर गर्दी दिसली की आधी मागं सरकायला शिक. त्यात कमीपणा नाही.

जुन्या आवृत्त्यांत फायटर असा पडत नव्हता म्हणतात. खरं काय? (निपाणी)

खरं आहे. या खेळाचं मूळ 1971 च्या चेनमेल या युद्धखेळात आहे. त्यात हिरो चार माणसांइतका लढायचा, सुपरहिरो आठांइतका. 1978 च्या अ‍ॅडव्हान्स्ड नियमांत एका हिट डाइसपेक्षा (हे शत्रूची ताकद मोजायचं माप) कमी ताकदीच्या शत्रूंवर फायटरला जितकी लेव्हल तितके हल्ले मिळत. तुमचा दहाव्या लेव्हलचा गडी राउंडला दहा वार करी! 2000 मध्ये हे काम क्लीव्ह आणि ग्रेट क्लीव्ह या फीट्सकडे (एक पडला की लगेच शेजारच्यावर वार देणाऱ्या खास कौशल्यांकडे) गेलं. 2008 मध्ये एक एचपीचे मिनियन, म्हणजे एका वारात पडणारे शत्रू, आले.

2014 ला मात्र धोरणच बदललं. लेव्हल वाढली तरी एसी आणि हल्ल्याचे आकडे फार वर जाऊ द्यायचे नाहीत, म्हणजे साधा गॉब्लिन शेवटपर्यंत धोकादायक राहतो. मला हे आवडतं, कारण गावावर चालून आलेली टोळी दहाव्या लेव्हललाही भीतीदायक वाटायला हवी. पण त्या बदल्यात फायटरचं जुनं वैभव गेलं, याचं वाईटही वाटतं.

मी डीएम आहे. तीस ऑर्क आणले की डाइस टाकण्यातच संध्याकाळ जाते. उपाय? (शहापूर, बेळगाव)

डीएम गाइडमध्ये टोळीच्या हल्ल्याचा तक्ता आहे, तो वापरा. वार लागायला डाइसवर किती हवेत ते काढायचं. 13-14 हवे असतील तर दर तिघांत एक वार लागला, 15-16 ला चौघांत एक, 17-18 ला पाचांत एक, 19 ला दहांत एक. एसी 20 समोर ऑर्कला 15 हवेत. आठ ऑर्क म्हणजे दोन वार, सरासरी नऊचे. डाइस टाकायलाच नको.

एक खोट मात्र आहे. फायटरनं डिफेन्स स्टाइल घेऊन एसी 21 केला तरी ऑर्कना चौघांत एकच पडतो. खेळाडूनं कमावलेला तो एक पॉइंट तक्ता गिळून टाकतो, आणि हे त्याच्यावर अन्याय करणारं आहे. तेव्हा आठ-दहापर्यंत डाइस टाका, त्यापुढं तक्ता.

त्याच पुस्तकात आणखी एक ऐच्छिक नियम आहे: जखम न झालेला शत्रू एका वारात पडला, तर उरलेलं डॅमेज शेजारच्यावर जातं. तो जरूर लावा. फायटर खेळणाऱ्याचा चेहरा खुलतो.

विझार्ड एका फायरबॉलमध्ये सगळे जाळतो. मग फायटर कशाला? (चिकोडी)

फायरबॉल या आगीच्या मंत्राचा घेर वीस फूट त्रिज्येचा, डॅमेज सरासरी 28. सेव्ह केलेल्या (डाइस टाकून अर्ध्यावर निभावलेल्या) गॉब्लिनलाही चौदा बसतात आणि त्याच्याकडे एचपी असतात सात. पण ते एका जागी गोळा तर झाले पाहिजेत! ते फायटर दाराशी पाय रोवून उभा राहिला की होतं. आणि स्पेल स्लॉट (मंत्रांचा कोटा) संपल्यावर विझार्ड फायटरच्याच पाठीमागं येतो.

विसाव्या लेव्हलला तरी निर्धास्त? (तिलकवाडी, बेळगाव)

नाही. कॉन्स्टिट्यूशन (पात्राचा काटकपणा) 16 धरून सरासरी 184 एचपी, एसी 20. मोकळ्या रानात शंभर गॉब्लिन धनुष्य घेऊन उभे केले तर राउंडला पंचवीस बाण लागतात, म्हणजे 137 एचपी गेले. दुसऱ्या राउंडला तो आडवा. जादूच्या चिलखतानं एसी 25 केलात तर फक्त नॅचरल 20 लागतं, शंभरात पाच बाण. शक्य असेल तिथं सोनं आधी चिलखतावर घाला, तलवार नंतर.