बुद्धिबळाचं इंजिन अवघड एंडगेममध्ये किती भरवशाचं आहे, हे घरी कसं तपासायचं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. स्टॉकफिश आणि लीला या दोन इंजिनांपैकी, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामांपैकी, एंडगेमला (मोजके मोहरे उरलेल्या शेवटच्या टप्प्याला) कोणतं चांगलं, आणि ते तपासायला कुठल्या पोझिशन घ्याव्यात. पहिल्याचं उत्तर सरळ आहे: स्टॉकफिश. दुसऱ्याबद्दल मात्र माझ्या मनात २००८ पासून साचलेलं आहे, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

त्या वर्षी बारावीची परीक्षा देऊन मी मोकळी झाले होते. मे महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी खुली स्पर्धा होती. गावाचं आणि भरवणाऱ्यांचं नाव लिहीत नाही. अमळनेरहून सकाळच्या एसटीने एकटी गेले. मंगल कार्यालयात टेबलं मांडलेली, लग्नसराई असल्याने संध्याकाळी सहाला हॉल रिकामा करून द्यायचा, कारण रात्री तिथे कुणाची तरी हळद होती. दुपारी तीनला भारनियमन सुरू झालं आणि पंखे थांबले. मे महिन्यात आपल्याकडे पंखा थांबला की काय होतं ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. माझ्या संचातला एक काळा हत्ती हरवलेला होता, म्हणून त्याच्या जागी पाण्याच्या बाटलीचं निळं झाकण ठेवलं होतं.

शेवटच्या फेरीत समोर एक अनुभवी काका होते. मधल्या डावात मी हत्तीच्या बदल्यात वजीर घालवून बसले. मग एकेक मोहरा कापत कापत पटावर पाचच मोहरे उरले. त्यांचा राजा आणि वजीर. माझा राजा जी८ वर, प्यादं जी७ वर, आणि ते निळं झाकण एफ६ वर.

ही मांडणी मला आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी शिकवली होती. आबा प्रताप मिलमध्ये कामाला होते आणि पाळी सुटल्यावर ओट्यावर पट मांडून बसायचे. ते म्हणायचे, प्याद्याला घरातून हलवायचं नाही आणि हत्तीला त्याच्या दोन खांद्यांवर आलटून पालटून बसवायचं. जी७ च्या प्याद्याचे दोन खांदे म्हणजे एफ६ आणि एच६. हत्ती दोन्ही घरांत राखलेला असतो आणि समोरच्या राजाला सहावी ओळ ओलांडू देत नाही. एकटा वजीर मात करू शकत नाही. वजीर शह देत राहतो, आपला राजा बाजूच्या घरात सरकतो आणि परत येतो. काकांनी वीस-बावीस चाली हरतऱ्हेने प्रयत्न केला. मी झाकण एफ६ वरून एच६ वर, एच६ वरून एफ६ वर.

सहा वाजले. पंच असलेले सर त्यांचा लॅपटॉप घेऊन आले. बॅटरी संपत आली होती, घाई होती. त्यांनी पोझिशन भरली, इंजिन सुरू केलं, पडद्यावर साडेतीनच्या वर आकडा आला. सर म्हणाले, "पांढरा जिंकतोय. बाळा, त्यांच्याकडे वजीर आहे ना." मी म्हटलं, सर, मग त्यांना जिंकून दाखवू द्या, मी उभ्या उभ्या खेळते. त्यावर त्यांनी जे म्हटलं ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं: "इंजिन खोटं बोलेल का?" आणि गुणपत्रकावर एक-शून्य लिहून सही केली. अर्धा गुण मिळाला असता तर मी तिसरी आले असते.

रात्री घरी आबांनी तीच पोझिशन मांडली. वजीर त्यांनी घेतला. एक वाजेपर्यंत ते जिंकायचा प्रयत्न करत होते, त्यांना जमलं नाही. मग पट गुंडाळताना एवढंच बोलले, "हाऊ डाव बरोबरीनाच शे."

आता तुमच्या प्रश्नाकडे येते, कारण त्या आकड्याचं गणित मला समजायलाच काही वर्षं गेली. त्या काळचं इंजिन मोहऱ्यांची किंमत मांडायचं, राजाची सुरक्षितता वगैरे बघायचं आणि पुढच्या चाली तपासायचं. वजीर विरुद्ध हत्ती आणि प्यादं, म्हणजे तीन-साडेतीन प्याद्यांची आघाडी. वीस चाली पुढे पाहिलं तरी तेवढीच आघाडी, तीस चाली पुढे पाहिलं तरी तेवढीच. ती वाढत नाही याचा अर्थ काय, हे इंजिन स्वतःला विचारत नव्हतं. अशा अभेद्य मांडणीला फोर्ट्रेस म्हणतात, किल्लाच म्हणा. म्हणून तुमच्या परीक्षेत पहिल्या पाच पोझिशनमध्ये किमान दोन किल्ले असलेच पाहिजेत. आकडा किती आला ते वहीत लिहा आणि मग इंजिनला स्वतःशीच पन्नास चाली खेळायला लावा. आकडा चढतोय की तिथेच घुटमळतोय ते बघा. एक ध्यानात ठेवा, पन्नास चालींचा नियम (पन्नास चालींत मोहरा मारला नाही आणि प्यादं हललं नाही तर बरोबरी मागता येते) जवळ येतो तसा स्टॉकफिशमध्ये आकडा मुद्दाम उतरवला जातो. तेव्हा उतरलेला आकडा पाहून त्याला किल्ला समजला असं धरू नका.

किल्ल्याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण पेनरोज इन्स्टिट्यूटने २०१७ साली लोकांपुढे ठेवलं. काळ्याकडे वजीर, दोन हत्ती आणि तीन उंट. तिन्ही उंट काळ्या घरांचे. पांढऱ्याकडे राजा आणि चार प्यादी. इंजिनं काळ्याला प्रचंड आघाडी दाखवत होती. पण काळ्याचे वजीर-हत्ती स्वतःच्याच प्याद्यांत अडकलेले, आणि पांढरा राजा पांढऱ्या घरांवरून फिरत राहिला तर त्याला शह द्यायलाही कुणी उरत नाही. बरोबरी. दहा-बारा वर्षांच्या मुलाला ती पोझिशन दाखवली तर पाच मिनिटांत त्याला कळते. मी दाखवली आहे.

दुसरा प्रकार झुगझ्वांगचा. चाल करावी लागणं हेच जिथे संकट असतं, ती पोझिशन. वेळ वाचवायला इंजिन एक युक्ती करतं: "मी चाल न करता पास म्हटलं तरी माझं बरं चाललंय का?" उत्तर हो आलं तर ती फांदी ते पुढे तपासत नाही. झुगझ्वांगमध्ये ही युक्ती उलटते, कारण तिथे पास म्हणता आलं असतं तर प्रश्नच नव्हता. फक्त राजा आणि प्यादी उरली की स्टॉकफिश ही युक्ती बंद करतं, पण सगळ्याच इंजिनांत ही काळजी सारखी घेतलेली नसते.

राजा-प्याद्यांसाठी लास्कर आणि राइखहेल्म यांची १९०१ ची पोझिशन घ्या. पांढरा: राजा ए१, प्यादी ए४, डी४, डी५, एफ४. काळा: राजा ए७, प्यादी ए५, डी६, एफ५. चाल पांढऱ्याची. राजा बी१ ला गेला तरच विजय. बी२ जवळचं वाटतं, पण त्याने विजय निसटतो. दोन्ही राजांच्या घरांच्या जोड्या ठरलेल्या आहेत, आणि त्याच त्याच पोझिशन वेगवेगळ्या क्रमाने पुन्हा येत राहतात. इंजिनची आठवण, म्हणजे हॅश टेबल, नीट चालत असेल तर उत्तर चुटकीसरशी येतं. स्वतः इंजिन लिहिणारी मुलं पहिली परीक्षा हीच घेतात. पटावर नऊ मोहरे असल्याने टेबलबेसची, म्हणजे तयार उत्तरांच्या साठ्याची, मदतही मिळत नाही.

उंटांच्या डावासाठी टोपालोव्ह विरुद्ध शिरोव्ह, लिनारेस १९९८. सत्तेचाळिसाव्या चालीला काळ्याकडून खेळणाऱ्या शिरोव्हने आपला उंट एच३ वर फुकट दिला. विरुद्ध रंगांचे उंट, एकाचा पांढऱ्या घरांवर तर दुसऱ्याचा काळ्या, म्हणजे एरवी बरोबरीची खात्री. काळ्या राजाला ई४ गाठायचं होतं आणि वाटेत एफ५ वर स्वतःचाच उंट उभा. उंट असा हलायला हवा की समोरच्याला राजा मधोमध आणायला एका चालीचीही उसंत मिळू नये. त्या काळच्या इंजिनांना ती चाल सापडत नव्हती. आजचं स्टॉकफिश किती सेकंदांत एच३ वर येतं आणि आलं की तिथेच टिकतं का, हे मोजा. टिकणं महत्त्वाचं. योग्य चाल क्षणभर वर येऊन परत खाली जात असेल तर ती सापडली असं मी धरत नाही.

रेटीची १९२१ ची प्रसिद्ध राजा-प्याद्याची रचना किंवा साव्हेद्राची १८९५ ची वजिराऐवजी हत्ती करणारी रचना यांवर वेळ घालवू नका. माणसासाठी त्या अप्रतिम आहेत, मी मुलांना त्याच शिकवते. पण दोन्हींत चारच मोहरे आहेत. कोणतंही बरं इंजिन त्या लगेच सोडवतं, त्यातून कळत काहीच नाही.

तपासताना टेबलबेस आधी बंद करा. नाहीतर तुम्ही इंजिनची नाही, उत्तरपत्रिकेची परीक्षा घेताय. टेबलबेसमध्ये थोड्या मोहऱ्यांच्या प्रत्येक पोझिशनचं अचूक उत्तर साठवलेलं असतं. रोनाल्ड द मान यांनी २०१३ मध्ये आणलेल्या सिझिजी प्रकारात पाच मोहऱ्यांपर्यंतचं सगळं जवळपास एका जीबीत मावतं, सहाला दीडशेच्या आसपास जीबी लागतात, सात मोहऱ्यांना सतराएक टीबी. ते घरी ठेवायची गरज नाही, लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर सात मोहऱ्यांपर्यंत फुकट बघता येतं. ते बघायचं, पण परीक्षेनंतर. थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे हिशेबाचे धागे, एकच ठेवा, अनेक ठेवले तर त्याच पोझिशनला दर वेळी वेगळा वेळ लागतो. प्रत्येक पोझिशनआधी हॅश रिकामा करा. आणि आकड्याला प्यादी समजू नका. डिसेंबर २०२२ च्या स्टॉकफिश १५.१ पासून एक या आकड्याचा अर्थ जिंकण्याची निम्मी शक्यता असा लावलेला आहे.

माझ्या त्या पोझिशनचा निकाल मला टेबलबेसवर मिळाला, पहिल्यांदा फोनवर उघडलं त्या दिवशी. बरोबरी. आबांना फोन केला तर म्हणाले, "मी तं तवयच सांगेल व्हतं." आणि वाईट याचं वाटतं की पाच मोहऱ्यांचे नालिमोव्ह या जुन्या प्रकारचे टेबलबेस २००८ मध्येही होते. त्या लॅपटॉपवर नव्हते, एवढंच.

आणि समजा पोझिशन खरोखर जिंकणारी असती, तरी? संगणकतज्ज्ञ केन थॉम्पसन यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी नुसता वजीर विरुद्ध नुसता हत्ती हा डाव संगणकाला बचावाला बसवून वॉल्टर ब्राउन या ग्रँडमास्टरपुढे ठेवला. डाव विजयी होता, पण ब्राउन यांना पहिल्या खेपेला पन्नास चालींत जमला नाही. अभ्यास करून आले तेव्हा बरोबर पन्नासाव्या चालीला जमला. म्हणून पटावर जे सिद्ध व्हायचं ते खेळणाऱ्यांनीच सिद्ध करायचं. पंचाने आकडा बघून निकाल लिहू नये, हे माझं ठाम मत आहे.

काही गोष्टी राहिल्या. मी जे इंजिनचं वागणं सांगितलं ते २००८ चं आहे. २०२० मध्ये स्टॉकफिश १२ ला न्यूरल नेटवर्कची जोड मिळाल्यापासून त्याची पारख खूप सुधारली, माझा राग आजच्या स्टॉकफिशवर काढू नका. माझी मांडणी टिकली कारण पांढऱ्याकडे एकही प्यादं नव्हतं. जी७ ला धक्का देणारं प्यादं त्यांच्याकडे असतं तर तो किल्ला पडला असता. आणि सर बेइमान नव्हते. हॉल रिकामा करायचा होता, हे मला मान्य आहे. पण दहा मिनिटं बाहेरच्या पायरीवर खेळू दिलं असतं तरी चाललं असतं.

मागच्या वर्षी जिल्ह्यातल्या बुद्धिबळाच्या ग्रुपवर हा विषय निघाला तेव्हा सरांनी पुन्हा तेच लिहिलं, इंजिनने सांगितलं होतं म्हणून. सर, तुम्ही हे वाचत असाल तर कोणत्याही रविवारी अमळनेरला या. वजीर तुम्ही घ्या, घड्याळ नको, लॅपटॉपही आणा हवा तर. मला जी७ चं प्यादं आणि एक हत्ती द्या. हत्ती नसेल तर झाकण चालेल.