टेक शेअरवरनं आमच्या ग्रुपात रोज भांडणं होतायत, चर्चा नीट कशी ठेवायची?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या ग्रुपात एका टेक कंपनीच्या शेअरवरनं दोन पार्ट्या पडल्यात, एक म्हणते कंपनी संपली, दुसरी म्हणते भित्र्यांनी गप बसा, आणि तुम्ही अ‍ॅडमिन म्हणून मधे सापडलाय. मी कोल्हापुरात असाच ग्रुप सांभाळतो, दीडशेक माणसं, उद्यमनगरातले वर्कशॉपवाले, मार्केट यार्डातले व्यापारी, रिटायर्ड मास्तर, कॉलेजची पोरं. आमच्याकडं हे पेटीएमच्या वेळी झालं, ते सांगतो.

३१ जानेवारी २०२४ ला संध्याकाळी पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घालणारा रिझर्व्ह बँकेचा आदेश आला, १ फेब्रुवारीला पेटीएमचा शेअर २० टक्के खाली लोअर सर्किटला, म्हणजे त्या दिवशी त्याखाली भाव जाऊच शकत नाही अशा मर्यादेला, दुसऱ्या दिवशी परत २० टक्के. ७६१ चा शेअर दोन दिवसांत ४८७ वर. ज्याच्याकडं शेअर नाही त्याला सर्किट म्हणजे काय हे कळतच नाही बघा. विकायची ऑर्डर टाकून माणूस सकाळपासनं बसलेला असतो, समोर घेणारा कोणी नाही, काहीच करता येत नाही, मग तो ग्रुपात टाईप करत बसतो, आणि तेवढ्यात कोणीतरी हसायचा स्टिकर टाकतो. भांडण तिथं पेटतं.

आमच्यातल्या एका काकांना आयपीओत, म्हणजे कंपनीनं पहिल्यांदा शेअर विकायला काढले तेव्हा, २१५० नं सहा शेअरचा लॉट लागला होता, शेअर पडेल तसं ते अ‍ॅव्हरेज करत, म्हणजे स्वस्तात अजून घेऊन सरासरी भाव खाली आणत, गेले होते आणि हे सगळं त्यांनी ग्रुपात मोकळेपणानं सांगितलेलं. दोन तारखेला एका पोरानं लिहिलं, "काका, करा की अजून अ‍ॅव्हरेज." काकांनी काही उत्तर दिलं नाही, रात्री ग्रुप सोडून गेले. चाळीस वर्षं गुळाच्या सौद्याला उभा राहिलेला माणूस. तो मेसेज मी दुपारीच वाचला होता आणि डिलीट केला नव्हता, याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या रात्री मी ग्रुप बंद केला, म्हणजे फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल असं सेटिंग, आणि शनिवार-रविवार फोन करत बसलो. तेव्हा लक्षात आलं की निम्मे लोक वेगवेगळ्या गोष्टींवर भांडत होते. आदेश होता पेटीएम पेमेंट्स बँकेवर, शेअर बाजारात होता तो पेटीएम चालवणाऱ्या वन९७ कम्युनिकेशन्स या कंपनीचा, तिचा त्या बँकेत तेव्हा ४९ टक्के हिस्सा. एकजण बँकेबद्दल बोलायचा, दुसरा कंपनीबद्दल, तिसरा चहाच्या टपरीवरच्या क्यूआरचा फोटो टाकून म्हणायचा हे बघा चालू आहे, आणि तिघंही एकमेकांना अडाणी म्हणायचे. त्यातच सोमवारी जिओ फायनान्शियल पेटीएमचं काहीतरी विकत घेणार अशी बातमी फिरायला लागली, कंपनीनं शेअर बाजाराला कळवलं की असं काही चालू नाही, पण तोवर फॉरवर्ड गावभर झालेला.

तेव्हापासनं आमच्याकडं वादग्रस्त शेअरवर लिहायचं असलं की आधी सांगायचं, शेअर तुमच्याकडं आहे का नाही, आणि ट्रेडिंगसाठी का वर्षानुवर्षं ठेवायला. किती घेतलेत ते विचारायचं नाही. एवढ्यानंच निम्मा आवाज खाली आला, कारण ऑप्शन, म्हणजे ठराविक मुदतीत भाव वर जाईल का खाली यावरचे सौदे, खेळणारं पोरगं आणि नातवासाठी शेअर ठेवणारा माणूस एकाच भावाकडं बघून वेगळं बोलणारच की. बातमी टाकली तर सोबत एनएसई किंवा बीएसई या शेअर बाजारांच्या साईटवरची कंपनीची घोषणा नाहीतर रिझर्व्ह बँकेचं पत्रक, ते नसलं तर वर 'ऐकीव' असं लिहायचं. टार्गेट सांगून पैसे मागणाऱ्याला सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, रजिस्ट्रेशन नंबर विचारतो, नाही दिला तर काढतो, त्यात चर्चा नाही.

आणि "मी आधीच सांगितलं होतं" हे वाक्य सर्किटच्या दिवशी बंद. तोच शेअर मे मध्ये ३१० पर्यंत आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात हजाराच्या वर गेला, म्हणजे दोन्ही पार्ट्यांना एकेकदा ओरडायची संधी मिळाली असती. कंपनीवर टीका मात्र कधीच थांबवू नका, प्रमोटरला, ताळेबंदाला, धंद्याच्या मॉडेलला पाहिजे तेवढं झोडू दे. ग्रुपातल्या माणसावर गेलं की लगेच मेसेज काढायचा आणि त्याला फोन करायचा, ग्रुपात सुनवायचं नाही, चारचौघांत सुनावलं की माणूस हट्टाला पेटतो.

काकांना फोन केला तर ते म्हणाले, "पैशाचं काय नाही रे, सौद्यात याहून जास्त घालवलेत. पण पोराच्या वयाचा माणूस सगळ्यांच्या देखत बोलला." त्या पोराला घेऊन मार्केट यार्डात गेलो. त्यानं पाया पडून माफी मागितली, काकांनी चहा सांगितला आणि त्यालाच विचारलं, बाबा हे ऑप्शन म्हणजे नेमकं असतं काय. तास गेला त्यात.

तुमच्याकडं सध्या जो सगळ्यात जास्त चिडून लिहितोय ना, त्याला आज संध्याकाळी फोन लावा. आमचा नियमांचा मेसेज पाहिजे असला तर सांगा, जसाच्या तसा पाठवतो.