डबल बेल आणि लघवीचे थेंब

प्रश्न : वय ४६, एसटीत वाहक आहे. तीन बाळंतपणं झाली. खोकले, शिंकले किंवा गाडी खड्ड्यात आदळली की लघवी सुटते. म्हणून ड्युटीवर पाणीच पीत नाही. शेजारच्या भाभींनी त्यांची माजून कुंदुरची बरणी दिली, आठवडाभर चाटली, फरक नाही. लघवी करताना मध्येच अडवायचा व्यायामही रोज करते. शुगर आहे. हे चालू ठेवू का?

उत्तर : ताई, ती बरणी भाभींना परत करा. मी स्वतः युनानीची डॉक्टर, मालेगावात दवाखाना आहे, तरी हेच सांगते. कुंदुर म्हणजे एका झाडाचा सुगंधी डिंक, आणि माजून म्हणजे मधात नाहीतर साखरेच्या पाकात कालवलेलं औषध. शुगर असताना ते घ्यायचं की नाही, हे तपासून हकिमानं ठरवायचं.

या तक्रारीला आमच्याकडे सलसुल-बौल म्हणतात. मसान्यात, म्हणजे मूत्राशयात, थंडावा नि ओलावा वाढला की तिथले स्नायू ढिले पडतात, असं युनानी मानतं. म्हणून कुंदुरसारखी गरम, सुकवणारी औषधं. मीही देते, पण जोडीला. व्यायामाइतका भक्कम पुरावा माजूनमागे नाही, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

तुमचा व्यायाम मात्र चुकतोय. धार अडवून स्नायू एकदा ओळखायला हरकत नाही. रोज तसं केलं तर मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. त्यापेक्षा चारचौघांत वारा सुटू नये म्हणून जे आवळतो ना, तेच आवळा. मूत्रमार्गाकडचा भागही सोबत वर ओढा. पोट, मांड्या, कुल्ले सैल. श्वास चालू. पाच आकडे धरा, पाच आकडे पूर्ण सोडा. सोडणंही व्यायामच आहे, बायका तेवढंच विसरतात. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. आठवडाभर अंथरुणात पडून करा, मग बसून, मग उभ्यानं. केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञानं १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले. आजही पहिला उपाय हाच. तीन महिने द्या. आठवड्यात फरक कसा दिसेल?

आणि एक युक्ती. शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळा, मग शिंका. समोर खड्डा दिसला तरी तेच. धाकट्या मुलीनंतर मलाही हा त्रास होता. पेशंटची नाडी धरून बसले असताना मी हा व्यायाम करायचे, कुणाला पत्ता नाही. तुम्हाला तर डबल बेल दिली की पुढच्या थांब्यापर्यंत वेळच वेळ.

पाणी तोडू नका. लघवी घट्ट झाली की मूत्राशय चिडतं, शिवाय बद्धकोष्ठ होतं आणि कुंथण्यानं तेच स्नायू आणखी सैलावतात. त्यापेक्षा चहा कमी करा. शुगर वाढलेली असली तर लघवीही वाढते, तीही तपासा. रक्तदाबाची गोळी घेत असाल तर डॉक्टरांना दाखवा. काही गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो, काहींनी लघवी वाढते.

जळजळ, लघवीत रक्त, अंग बाहेर आल्यासारखं वाटणं किंवा सतत ठिबकणं, यातलं काहीही असेल तर तीन महिने थांबू नका, लगेच स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. पाय बधिर होऊन अचानक लघवी सुटू लागली तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.