विमा कंपन्यांना चाप लावला तर उपचार स्वस्त होतील का?

तुम्ही विचारलंय की आईवडिलांच्या मेडिक्लेमचा हप्ता दरवर्षी वाढतोय, तर सरकारने विमा कंपन्यांना चाप लावला की खर्च आटोक्यात येईल का. माझ्या मते हप्ता थोडे दिवस दबून राहील, बिल वाढतच जाईल. पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या मेडिक्लेम डेस्कवर मी बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे ही बिलं आतून पाहिलीत.

कंपन्यांवर बंधनं आलेली आहेतच. २०२४ मध्ये इर्डाने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, पॉलिसी घेण्याआधीपासूनच्या आजारांच्या क्लेमसाठी थांबायचा काळ चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी इर्डाकडे जावं लागतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटीही गेला. छान झालं, पण जीएसटी एकदाच जातो.

खरी गंमत रेट कार्डात आहे. आमच्याकडे एकाच ऑपरेशनचे जनरल, ट्विन शेअरिंग, सिंगल, डीलक्स असे वेगवेगळे दर होते. सर्जन तोच, ओटी (ऑपरेशन थिएटर) तीच, टाकेही तेवढेच. पण पेशंट नंतर कुठल्या खोलीत झोपणार यावर सर्जनची फी ठरायची! नातेवाईक घाबरलेले असतात, 'विमा आहे ना, द्या सिंगल' म्हणतात. पॉलिसीत रूमची मर्यादा दिवसाला ५,००० आणि घेतलेली रूम १०,००० ची असेल, तर कंपनी नुसते वरचे ५,००० कापून थांबत नाही. सर्जनची फी, ओटी, नर्सिंग, सगळंच निम्मं मंजूर करते. म्हणजे या खात्यांवर १,२०,००० लागले असतील तर ६०,००० तुमच्या खिशातून. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूला ही कात्री लावायला मनाई आहे, आणि जिथे खोलीप्रमाणे दर बदलत नाहीत तिथे ती लावताच येत नाही. डिस्चार्जच्या दिवशी हे समजावून सांगणं म्हणजे शिव्या खाणं. लोक कंपनीला चोर म्हणायचे, रेट कार्डाबद्दल मला कुणी चकार शब्द विचारला नाही.

म्हणून सुरुवात इथून व्हावी असं मला वाटतं: एका ऑपरेशनचा एकच दर, खोलीचं भाडं तेवढं वेगळं. नुसत्या एखाद्या वस्तूवर मर्यादा घालून भागत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारी मर्यादेमुळे औषधाचा लेप असलेला स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायची जाळीची नळी) २९,६०० वर आला, पण आमच्या अँजिओप्लास्टीच्या पॅकेजचा आकडा त्या मानाने उतरला नाही. कॅथ लॅबचे, म्हणजे जिथे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीचे, चार्जेस तेवढे वर सरकले.

सरकारला दर ठरवता येत नाहीत हेही मला पटत नाही. २०२० मध्ये कोविडच्या काळात राज्याने खासगी हॉस्पिटलांच्या ८० टक्के खाटांसाठी दर बांधून दिले होते: वॉर्ड दिवसाला ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. पळवाटा निघाल्या, बिलांवरून भांडणं झाली, पण दाखवायला एक कागद तरी हातात होता. एरवी काय? केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याचे नियम २०२१ मध्ये सुधारले, त्यानुसार दर दर्शनी भागात लावावे लागतात. किती असावेत, यावर काही नाही.

डॉक्टरांची बाजू मात्र खोटी नाही. पेठेतल्या वीस खाटांच्या हॉस्पिटलला सरकारी योजनांचे दर परवडत नाहीत आणि ते पैसेही उशिरा येतात. दर बांधताना मोठ्या साखळी हॉस्पिटलांचा आणि यांचा हिशेब एकत्र केला, तर आधी हीच बंद पडतील. मग उरलेल्यांशी घासाघीस करायची कुणी?

तुमच्यापुरतं सांगायचं तर नूतनीकरणाआधी पॉलिसीतली रूमची मर्यादा वाचा. आईवडील सत्तर किंवा त्याहून जास्त वयाचे असतील तर सरकारी आरोग्य योजनेचं आयुष्मान कार्ड काढून ठेवा. त्याला उत्पन्नाची अट नाही, पाच लाखांचं संरक्षण मिळतं, खासगी पॉलिसी असली तरी चालतं. फक्त हॉस्पिटल योजनेत आहे का ते बघा. क्लेम नाकारला तर कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि पोच जपून ठेवा. महिन्याभरात समाधान झालं नाही तर नारायण पेठेत विमा लोकपालाचं कार्यालय आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात.